काचपेटीतले मासे आणि वैशाखाचे ऊन



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण आजवर मोठमोठे विषय ऐकले आहेत. इतिहास झाला, संतवाङ्मय झाले, राज्यकारभार आणि अर्थकारणही झाले. त्या थोर मंडळींच्या पंक्तीत घरातल्या काचपेटीतले मासे घेऊन बसण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. फलकावरचा विषय वाचून आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, येथे माणसे उन्हाने हैराण झाली आहेत आणि तुम्हांला माशांची चिंता!" त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण माणूस हैराण झाला तर उठून सावलीत जातो, माठातले पाणी पितो, ओसरीवर वाळ्याचा पडदा सोडतो. आत्ता आपणांपैकी कितीतरी जण हातपंखा हलवीत बसले आहेत. आपल्या दिवाणखान्यात चार काचांच्या आत फिरणाऱ्या जिवाला यांतले काहीच करता येत नाही. पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीची तळमळ आपल्या संतांनी अनेकवार सांगितली आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते पाण्यात असूनही तळमळणाऱ्या मासोळीविषयी.

आम्ही काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. या विषयाकडे आम्ही वळलो ते विद्वत्तेमुळे नव्हे, तर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा आम्हांस काही अधिकार आहे की नाही, ते आपणच ठरवाल.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमची बदली पुण्याहून नागपुरास झाली. धाकटी कन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. पुण्यातल्या मैत्रिणी सुटल्या म्हणून ती हिरमुसली होती. तिचे मन रमावे म्हणून आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचपेटी आणि चार गोल्डफिश आणले. थंडीभर सारे सुखात होते. चैत्र सरला, पारा चव्वेचाळीसवर गेला. पेटी होती पश्चिमेच्या खोलीत. मांजर येऊ नये म्हणून तिच्यावर घट्ट झाकण होते आणि झाकणाखाली दिवा. एके दिवशी कचेरीतून घरी येऊन पाहतो, तो चारही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. पाण्यात तापमापक घातला, तो पस्तीस अंश दाखवू लागला. आम्ही तसेच धावत चौकातल्या रसवंतीवर गेलो, लादी फोडून चार-पाच किलो बर्फ आणला आणि पेटीत टाकला. तासाभरात पारा दहाएक अंशांनी उतरला. आम्हांस फार मोठे कार्य केल्यासारखे वाटले. सकाळी दोन मासे पालथे होऊन तरंगत होते. तिसरा संध्याकाळी गेला.

मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, ते नदीत असते तर ऊन झाल्यावर कुठे गेले असते?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. पुढे ते हळूहळू सापडत गेले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम माशाला उष्णतेचा त्रास का होतो, ते पाहू. आपले शरीर बाहेर थंडी असो वा ऊन, आपली उष्णता एकाच पातळीवर राखते. बहुतेक माशांना ती सोय नाही. पाणी जेवढे तापलेले, तेवढाच मासा तापलेला. शरीर तापले की आतले सारे व्यापार जलद चालू लागतात. ढोबळ मानाने पाण्याची उष्णता दहा अंशांनी वाढली की माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. मागणी वाढली तर पुरवठा वाढावा, पण येथे निसर्गाचा नियम उलटा आहे. पाणी जितके तापेल तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. समुद्रसपाटीवर वीस अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तीस अंशांवर तो सुमारे 7.6 वर येतो आणि पस्तीस अंशांवर 7 च्याही किंचित खाली. म्हणजे वीस ते पस्तीस या प्रवासात माशाची भूक दुपटीहून अधिक झाली आणि ताटातले अन्न चौथाईने घटले. आमचे मासे वर येऊन तोंड उघडीत होते, ते पृष्ठभागाला चिकटून असलेल्या पातळ थरातला प्राणवायू मिळविण्यासाठी. आम्ही समजत होतो त्यांना उकडते आहे. वस्तुतः त्यांचा श्वास कोंडला होता.

दुसरी गोष्ट अशी की, माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा काही भाग सौम्य रूपात राहतो आणि काही विषारी रूपात. पाणी तापले की विषारी भागाचे प्रमाण वाढते. पाण्याचा अल्कधर्मीपणा तोच ठेवला, तरी वीस अंशांवर हा भाग जेवढा असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट तो तीस अंशांवर होतो. म्हणून थंडीत जी पेटी निर्मळ वाटते, तीच वैशाखात घात करते.

सगळे मासे मात्र एका माळेचे मणी नव्हेत. गोल्डफिश मूळचा चीनचा. हजार वर्षांपूर्वीपासून तेथे माणसांनी तो पाळला, निवडून निवडून त्याला सोन्याचा रंग आणला. त्याला अठरा ते चोवीस अंशांचे पाणी मानवते. उलट ॲमेझॉनच्या खोऱ्यातला डिस्कस हा मासा अठ्ठावीस-तीस अंशांतच रमतो. गप्पी मासे आपल्या सर्वांच्या ओळखीचे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते विहिरींत आणि हौदांत सोडले जातात. ते पुष्कळ सोसतात. फायटर आणि गुरामी यांना कल्ल्यांखेरीज डोक्यात एक वेगळे इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने ते वरची हवा थेट घेऊ शकतात. आपल्या तळ्यांतली मरळही हवा घेऊन जगते. म्हणून तर आटत चाललेल्या डबक्यात ती तग धरते. तेव्हा पहिला धडा असा: मासा विकत घेताना केवळ रंग पाहू नये, आपल्या गावचा वैशाख पाहावा. विदर्भात गोल्डफिश आणणे हीच आमची पहिली चूक होती.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. नदीतले मासे ऊन झाल्यावर कोठे जातात? ते डोहात जातात. आपल्या दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात वाहत्या राहत नाहीत. धार तुटते, वाळू उघडी पडते आणि नदीचे पाणी जागोजागच्या डोहांत, कोंडांत उरते. तो डोह खोल असतो, त्यावर काठच्या जांभळीची, करंजाची सावली असते, कोठे खडकातून झरा पाझरत असतो. वरचे पाणी तापले तरी तळाशी गारवा राहतो. मासा दुपारी खाली उतरतो आणि रात्री वर येतो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, असे म्हणावयास जागा आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडे तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच देवाचे मासे आहेत. तेथे कोणी जाळे टाकीत नाही. उन्हाळ्यात जेथे मासे नाइलाजाने एकवटतात आणि हाताने धरता येतील इतके अगतिक होतात, नेमकी तीच जागा देवाच्या नावाने राखून ठेवावी यात केवढे शहाणपण आहे! डोह राहिला तर पावसाळ्यात नदी पुन्हा भरते.

आणि आपण काय करतो? त्या जिवाला नदीतून उचलून काचेत ठेवतो. सावली काढून घेतो, खोली काढून घेतो, झरा काढून घेतो. त्याचा डोहच काढून घेतो, आणि वर काच लावून शोभा पाहतो. छंद वाईट असे आम्ही म्हणत नाही. या छंदाने आमच्या घराला पुष्कळ आनंद दिला. पण ज्याचा डोह घेतला त्याला तो परत देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, एवढेच आमचे म्हणणे आहे. पुढे सांगणार असलेले सारे उपाय त्या एका वाक्यात सामावलेले आहेत.

ही गोष्ट विलायतेतील छंदिष्टांनाही ठेच लागूनच कळली. 1853 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यानंतर घरोघरी काचपेट्या ठेवण्याची लाट आली. चारही बाजूंनी काच आणि ती खिडकीत ठेवलेली, मग पाणी तापणार नाही तर काय? जाणत्यांनी पुढे केवळ दर्शनी बाजूला काच ठेवून बाकीच्या भिंती पाटीच्या दगडाच्या करावयास सुरुवात केली. विल्यम ॲल्फर्ड लॉइड नावाच्या गृहस्थांनी तर आणखी एक पाऊल टाकले. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी जे मत्स्यालय उभारले, त्यात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांतल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी जमिनीखालच्या काळोख्या हौदात साठविलेले होते, आणि ते पंपाने सतत खेळते ठेवले जाई. काळोख, खोली आणि वाहतेपणा! लॉइड यांनी जमिनीखाली डोहच बांधला, दुसरे काय?

आपल्या घरात जमिनीखाली हौद बांधणे शक्य नाही. मग डोह द्यावयाचा कसा? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका शेजारणीने दिले. आमचे तीन मासे गेल्याचे ऐकून शेजारच्या काकू पेटी पाहावयास आल्या. त्या काही शाळेत गेलेल्या नव्हत्या. पेटीकडे क्षणभर पाहून म्हणाल्या, "काहो भाऊ, माठ गार कायनं होते? पाझरते म्हणून होते ना? तुमची काच त पाझरत नाही. आन् वरतून झाकण बी लावून ठेवलं तुम्ही!"

आम्ही थक्क झालो. पदार्थविज्ञानाचा एक सिद्धान्त काकूंनी तीन वाक्यांत सांगितला होता. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. ही दडलेली उष्णता अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी प्रथम मोजली. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी आपल्या उन्हाळ्यातल्या तपमानाला वाफ होऊन जाताना सुमारे 580 कॅलरी घेते. आता हिशेब करा. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी पेटीतल्या पाण्याइतके कोमट होईपर्यंत तो जेवढी उष्णता घेईल, तेवढी उष्णता अवघे दोनशे ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना घेऊन जाते. एक पेलाभर पाणी! आमच्या पेटीत पन्नास लिटर पाणी मावते. त्यातले अर्धा लिटर उडून गेले आणि बाहेरून नवी उष्णता आत आली नाही, तर पाणी साडेपाच अंशांहून अधिक उतरावयास हवे. बाहेरची उष्णता सारखी आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात उतार दोनतीन अंशांचा मिळतो. पण माशाच्या जिवाला तेवढा पुरतो. आम्ही रसवंतीवरून बर्फ आणण्यासाठी धावलो, आणि औषध पेटीतच होते. आम्ही त्यावर झाकण ठेवले होते.

तेव्हा उपायांत पहिला उपाय झाकणाचा. उन्हाळ्यात काचेचे वा पत्र्याचे झाकण काढावे आणि त्या जागी जाळी बसवावी. मासे उडी मारतात आणि मांजर उडी मारते. जाळीने दोघांचेही निवारण होते. मग एक लहानसा पंखा पेटीच्या कडेला असा ठेवावा की त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वाहील. पाण्यावर बारीक लहरी उठल्या पाहिजेत. याने दोन कामे होतात, वाफ होऊन पाणी निवते आणि लहरींमुळे हवा पाण्यात मिसळते. बुडबुडे सोडणारा हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवावा. पंखा घट्ट बांधलेला असावा, तो पाण्यात पडता कामा नये. विजेच्या तारेला बटणापाशी पोहोचण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी बटणात न जाता जमिनीवर ठिबकेल. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. मासे वाचविताना माणूस दगावू नये.

येथे एक खुबी सांगतो, ती पुष्कळांना खोटी वाटते. नागपुरात चव्वेचाळीस अंशांचे ऊन असते आणि मुंबईत चौतीसचे. पण पंख्याने पाणी निवविणे नागपुरात सोपे आणि मुंबईत कठीण. कारण वाफ किती होणार, हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. तापमापकाच्या गोळीवर ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले तर पारा जेथवर उतरेल, त्याखाली अशा उपायाने पाणी निवू शकत नाही. चव्वेचाळीस अंशांची हवा असून आर्द्रता वीस टक्के असेल, तर हा ओला पारा पंचविसाच्या आसपास येतो. चौतीस अंशांच्या हवेत आर्द्रता पासष्ट टक्के असेल, तर तो अठ्ठावीस-एकोणतीसच्या खाली जात नाही. म्हणून विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात, आणि कोकणात ते निरुपयोगी ठरतात. कोकणपट्टीवर आणि मुंबईस राहणाऱ्यांनी पंख्यावर फार विसंबू नये. तेथे भर द्यावा तो सावलीवर, हवेच्या पंपावर, माशांची संख्या कमी ठेवण्यावर आणि ऊन सोसणाऱ्या जातींवर. ज्यांना परवडते ते पाणी गार करणारे यंत्र बसवितात. त्याला चिलर म्हणतात. मोठ्या हौशी लोकांना ते ठीक, पण चार माशांसाठी ते लागू नये.

दुसरा उपाय जागेचा. पेटी पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नये, खिडकीत ठेवू नये, पत्र्याच्या छताखाली तर मुळीच ठेवू नये. घरात माठ जेथे गार राहतो तो कोपरा शोधावा; तीच पेटीची जागा. आपल्या आजीने घडवंचीची जागा उगीच ठरविलेली नसते. पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंस थर्मोकोलचे तक्ते लावले तर लॉइड यांच्या दगडी भिंतींचे काम ते करतात. भरलेली पेटी मात्र हलवू नये, काच तडकते. जागा फाल्गुनातच ठरवावी. दिवा जेवढा तापतो तेवढे पाणी तापते. जुने पिवळे दिवे काढून एलईडी लावावेत, आणि उन्हाळ्यात तेही संध्याकाळी दोनतीन तासांपुरतेच. मासे पाहण्याची हौस आपली आहे. काळोखाची तक्रार माशाने अद्याप केलेली नाही.

तिसरा उपाय पेटीच्या आकाराचा. गोल तोंडाच्या बरणीत एकच गोल्डफिश फिरताना दुकानात फार मोहक दिसतो. पण पाणी थोडे असले की ते झटकन तापते, आणि तोंड अरुंद असले की हवा शिरत नाही. उन्हाळ्याच्या दृष्टीने ती बरणी म्हणजे कढई आहे. पाणी जितके अधिक तितके ते सावकाश तापते आणि सावकाश निवते. हा सावकाशपणाच माशाचा खरा मित्र. आपल्या घरी अशी बरणी असेल तर या आठवड्यातच तिच्याऐवजी पसरट, मोठी पेटी आणावी. आमचे एवढे एकच म्हणणे आपण ऐकले तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.

चौथा उपाय अन्नाचा. उष्णतेत माशांना कमी खाऊ घालावे. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करण्याची रीत आहे, ती माशांना लावू नये. खाद्य तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि वर अमोनिया सोडते. सकाळी दोन मिनिटांत संपेल एवढी चिमूट पुरे. फार तापलेल्या दिवशी तीही नको.

पाचवा उपाय पाणी बदलण्याचा. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून नुसते वरून पाणी भरीत राहिल्यास पेटीतले पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी काढून नवे घालावे. हे नवे पाणी दुपारी नळाखाली बादली धरून घेऊ नये. गच्चीवरच्या टाकीतले पाणी तेव्हा चहासारखे तापलेले असते. ते पहाटे भरावे, बादलीत दिवसभर सावलीत उघडे ठेवावे म्हणजे क्लोरीन पुष्कळसा उडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घालावे. घाई असेल तर क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. छायाचित्रकारांच्या काळोख्या खोलीत ज्याला हायपो म्हणत, तेच द्रव्य त्यांत बहुधा असते.

आणि बर्फ? बर्फ पेटीत टाकू नये, हे आम्ही तीन जीव गमावून शिकलो. मासा पस्तीस अंश काही तास सोसेल, पण तासाभरात दहा अंशांची घसरण त्याला सोसवत नाही. शिवाय बाजारातला बर्फ कोणत्या पाण्याचा आणि कोणत्या गोणपाटात गुंडाळलेला, हे आपणांस ठाऊक नसते. फारच प्रसंग आला, तर घरच्या शीतकपाटात पाण्याची एक लहान बाटली गोठवावी, तिचे बूच घट्ट लावावे आणि ती पेटीत तरंगत ठेवावी. तापमापकावर नजर ठेवावी, आणि तासात अंशभर उतरले की बाटली बाहेर काढावी. उतार जिन्याच्या पायऱ्यांनी व्हावा, माडीवरून उडी मारून नव्हे.

उन्हाळ्यात वीजही जाते. पंखा थांबतो, पंप थांबतो. अशा वेळी एक तांब्या घ्यावा, पेटीतलेच पाणी त्यात भरावे आणि हातभर उंचीवरून बारीक धारेने परत सोडावे. दहा मिनिटे असे केले की पाण्यात पुष्कळ हवा मिसळते. ही सेवा मुलांना सांगावी, ती आनंदाने करतात. बॅटरीवर चालणारा लहान पंपही आता सर्वत्र मिळतो. आणखी एक सूचना: पेटीत पाणवनस्पती असतील तर मासे पहाटे पाहावेत. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही घेतात. सूर्योदयापूर्वीची वेळ पेटीतली सर्वांत कठीण वेळ असते. संध्याकाळी मासे बरे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये.

मे महिना हा लग्नसराईचा आणि गावी जाण्याचा. निघण्याच्या गडबडीत आपण पेटीत मूठभर खाद्य टाकतो, खोली बंद करतो आणि आठ दिवसांनी दार उघडतो ते दुर्गंधीने. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. बंद खोलीतल्या कुजलेल्या पाण्यात एक दिवस काढणे त्याला जड जाते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, खाद्याच्या मोजून पुड्या करून द्याव्यात आणि निक्षून सांगावे की एका दिवसास एकच पुडी. प्रेमळ शेजाऱ्यांनी मारलेल्या माशांची संख्या मांजरांनी मारलेल्यांपेक्षा कमी नसावी, असा आमचा संशय आहे.

काहीजण उन्हाळ्यात मासे सांभाळणे जमेना म्हणून दयाबुद्धीने ते जवळच्या तळ्यात वा नदीत सोडून देतात. हेतू चांगला, पण परिणाम वाईट. परदेशी मासा तेथे एकतर मरतो किंवा इतका माजतो की तेथल्या माशांना जागा उरत नाही. काचेवरचे शेवाळ खाणारा म्हणून जो सकर मासा आपण विकत आणतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो उजनीसारख्या जलाशयांत आता मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे, आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. एका माशावर दया करताना साऱ्या डोहाचे नुकसान करू नये. मासे नकोसे झाले तर दुकानदारास किंवा दुसऱ्या छंदिष्टास द्यावेत.

श्रोतेहो, वेळ संपत आली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत तेथे काचेला नाक लावून पहिला रंगीत मासा पाहिला आणि घरी येऊन वडिलांपाशी पेटीचा हट्ट धरला. त्या हट्टातून मुलाला जी पहिली गोष्ट मिळते ती म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेला एक मुका जीव. कुत्रे भुंकून सांगते, मांजर पायांत घोटाळते, गाय हंबरते. मासा सांगू शकत नाही. त्याचे सांगणे म्हणजे पृष्ठभागाशी येऊन उघडमीट करणारे तोंड. आणि ते पाहण्यासाठी आपल्याला पेटीपाशी थांबावे लागते.

आमच्या पेटीतला चौथा मासा जगला. काकूंच्या सांगण्यावरून आम्ही त्याच दिवशी झाकण काढले, पेटी रिकामी करून उत्तरेच्या खोलीत माठाशेजारी मांडली, पुन्हा भरली आणि मुलीच्या अभ्यासाचा पंखा तिच्या कडेला बांधला. वैशाख संपेपर्यंत मुलगी पहाटे उठून तापमापक पाही आणि वहीत आकडा लिही. पारा कधी एकोणतीस, कधी तीस. पहिला पाऊस आला त्या दिवशी तिने वहीत सव्वीस लिहिले आणि आम्हांला हाक मारून दाखविले. तो मासा पुढे चार उन्हाळे पाहून गेला.

मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला त्या पावसात दिले. बाळ, नदीत असते तर ते डोहात गेले असते. आपल्या घरी डोह नव्हता, तो आता आपण केला आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी काचपेटी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर दिवा लावण्यापूर्वी पेटीवरचे झाकण उचलून पाण्याला हात लावून पाहावा, एवढी विनंती आहे.